भालेरावकाकांची रिंग

नाशिकरोडच्या आमच्या सोसायटीत राहायला आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी ओल्या चादरींची बादली घेऊन मागच्या अंगणात गेले. तिथे कपड्यांच्या दोऱ्यांच्या मधोमध खुर्ची टाकून एक गृहस्थ बसले होते. त्यांनी हात वर करून मला अडवलं. "मॅडम, जरा थांबा. अकरावा राउंड चाललाय." अंगणात त्यांच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. मी थांबले. मी शाळेत शिकवते, त्यामुळे कोणी हात वर केला की थांबायची सवय आहे. थोड्या वेळाने ते उठले, दोरी वर उचलून धरली आणि म्हणाले, "या आता वाकून. घंटा झाली."

हे भालेरावकाका. रेल्वेत गार्ड होते, नुकतेच निवृत्त झालेले. जन्म इगतपुरीचा. पोरवयात तिथल्या रेल्वेच्या क्लबात बॉक्सिंग शिकले, आणि त्याची खूण म्हणून त्यांचं नाक कायम जरा डावीकडे बघायचं. अंगणातल्या चार लोखंडी खांबांना चहूबाजूंनी एकावर एक तीन दोऱ्या त्यांनीच बांधल्या होत्या. काकांनी बायकांची केवढी सोय केली, असं सगळ्या कौतुकाने सांगायच्या. सोय कोणाची झाली होती ते मला पहिल्याच भेटीत कळलं.

काकांचा उद्योग म्हणजे ज्यांची गाठ कधीच पडली नाही अशा चँपियनांची गाठ घालून देणं. एक मेला तेव्हा दुसरा जन्मलाही नव्हता, असली अडचण ते मोजत नसत. देवळाली कँपातल्या रद्दीवाल्याकडून आणलेली जुनी इंग्रजी मासिकं वाचून त्यांनी सगळ्यांची कुंडली पाठ केली होती. पण नावं मात्र स्वतःची ठेवली होती. एक हातोडा, एक नाचरा, एक बुटका, एक मिशीवाला. खरी नावं विचारली तर म्हणायचे, "नावात काय बघता मॅडम, पाय बघा त्याचे." आणि समोर बोट दाखवायचे. तिथे माझा परकर वाळत असायचा.

त्यांचे प्रतिस्पर्धी तळमजल्यावरचे मोरे, ओझरला कारखान्यात नोकरीला. मोऱ्यांच्या मते नवे ते भारी. खुराक, व्यायाम, शास्त्र, सगळंच पुढे गेलेलं. जुन्यातला एकही आजच्या पोरांपुढे तीन राउंड टिकायचा नाही. यावर काका फक्त मान हलवायचे आणि म्हणायचे, "भुकेचा ठोसा तुम्ही खाल्ला नाही, मोरे." हातोडा आणि मिशीवाला यांच्या लढतीवरून दोघांनी महिनाभर अबोला धरला होता. मेलेल्या माणसांपायी जिवंत माणसांनी किती भांडावं, असं मला वाटायचं. पण रविवारी दुपारी खिडकीत बसून मीही ऐकायचेच.

कारण ऐकण्यासारखंच असायचं ते. हिवाळ्याचं कोवळं ऊन, वाऱ्यावर फुगणाऱ्या चादरी, आणि काकांचा हळू आवाज. ते ओरडत नसत. झोपेत बोलल्यासारखे बोलायचे. "नाचरा मागे सरकतोय... सरकतोय... हातोड्याचा श्वास ऐकू येतोय." मग एखादी चादर फडफडायची आणि आम्हाला खरंच कोणीतरी बाजूला सरकल्याचा भास व्हायचा. मोरेसुद्धा खुर्ची मागे घ्यायचे.

पंधरा राउंड झाले की निकाल. तो मात्र काकांच्या हातात नव्हता. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी अंगणाकडे उघडायची आणि आत काकू असायच्या. चांदवडकडच्या. बॉक्सिंगमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. काका त्यांना पंचबाई म्हणायचे आणि खिडकीखाली जाऊन दोघांची माहिती द्यायचे. उंची, वजन, कोणी किती ठोसे मारले. काकू कांदा चिरता चिरता एवढंच विचारायच्या, "घरी वाट बघणारं कोणाला नाय?"

काका आठवून सांगायचे. बुटक्याची आई लहानपणीच गेलेली. मिशीवाल्याला पाच पोरं.

"मग बुटक्याला जिंकू द्या. त्या दुसऱ्याला घर हाय."

यावर अपील नव्हतं. मोरे कपाळाला हात लावायचे. हा काय निकाल झाला, ठोशांचा काही हिशोब आहे की नाही, असं म्हणायचे. काका हसून म्हणायचे, पंचांचा निर्णय अंतिम.

एकदा मोऱ्यांनी खोडी काढली. म्हणाले, आज लढत भालेराव विरुद्ध नाचरा. पंचविशीतला इगतपुरीचा भालेराव. काका आधी लाजले, मग उभे राहिले, मग चक्क शर्टाच्या बाह्या सरसावल्या. त्या दिवशी त्यांनी असे काही पंधरा राउंड सांगितले की दुसऱ्या मजल्यावरच्या बायकाही गॅलरीत आल्या. शेवटच्या राउंडला तर त्यांनी नाचऱ्याला खांबाशी दाबून धरलं होतं. निकाल उघड होता. काका मोठ्या आशेने खिडकीकडे वळले.

"नाचरा जिंकला," काकू म्हणाल्या.

सगळी सोसायटी हसली. काकांचा चेहरा एवढासा झाला. संध्याकाळी ते काकूंशी बोलले नाहीत, जेवताना भाजीसुद्धा मागितली नाही, असं काकूंनीच मला हसत हसत सांगितलं. "आता माझा काय दोष? तो बिचारा हॉटेलात ऱ्हायचा, गावोगाव. ह्यांच्यासाठी मी बसलेली हाय ना."

काकू गेल्या त्या वर्षी थंडी लवकर पडली होती. आजारपण थोडक्यात आटोपलं. मुलगी नागपूरहून आली, बाबांना घेऊन जाते म्हणाली, काका नाही म्हणाले. पुन्हा खुर्ची अंगणात आली, पुन्हा राउंड सुरू झाले. पण आता ते संपत नव्हते. पंधरावा झाला की काका बंद खिडकीकडे बघायचे, मग मोऱ्यांकडे, आणि म्हणायचे, "बघू, पुढच्या रविवारी." मोरे आता वाद घालत नसत. काका म्हणतील त्याला हो म्हणायचे, आणि ते ऐकवत नसे. काका बाहेरचं काहीतरी आणून खायचे किंवा तसेच झोपायचे. आम्ही डबा दिला की रिकामा डबा घासून परत करायचे आणि कशाला त्रास घेता म्हणायचे. माणूस सगळ्यांदेखत वाळत चालला होता आणि मला त्याचा राग यायचा. कोणावर, ते सांगता यायचं नाही.

एका रविवारी मी कपडे काढायला गेले तर काका एकटेच होते. मला बघून त्यांनी हात वर केला नाही.

"आज कोण कोण आहे, काका?" मी विचारलं.

"भालेराव आणि नाचरा," ते म्हणाले. "पंधरा राउंड झाले. निकाल राहिलाय." मग त्यांनी दोरी चाचपून बघितली. "मॅडम, तिच्या हिशोबाने आता मीच जिंकलो ना?"

माझ्या हातात वाळलेल्या चादरी होत्या. जन्मभर दुसऱ्यांच्या लढती लावणारा हा माणूस, आणि स्वतःचा विजय त्याला सोसत नव्हता. पण शिक्षकाचा आवाज अशा वेळी कामाला येतो.

"नाही," मी म्हटलं. "नाचरा जिंकला. पंचांचा निर्णय अंतिम."

काकांनी मान वर केली.

"आमच्याकडे तुमचं पान वाढलंय. पोरं जेवायची थांबलीत. केव्हापासून वाट बघतोय तुमची."

पान वाढलेलं नव्हतं. पोरं केव्हाच जेवून खेळायला गेली होती. काकांना ते कळलं असणार. रेल्वेच्या गार्डाला कोणती गाडी निघाली आहे आणि कोणती नाही ते न सांगता कळतं. त्यांनी खुर्चीची घडी घातली, डोळे पुसले, आणि म्हणाले, "पुन्हा हरवलंत मला."

मी चादरी खांद्यावर टाकल्या आणि त्यांच्यासाठी दोरी उचलून धरली. ते वाकून बाहेर आले.