शेळी मेंढरात धरायची

शांतवनबाबा सकाळी कुणाला "चहा झाला का?" असं विचारायचे नाहीत. नळावर तोंड धुवायला आलेल्या माणसाला ते विचारायचे, "काय दिसलं?"

पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी हरवलंय. मी आपली घाबरट. पायाखाली बघून घेतलं आणि म्हणाले, "मला काही नाही सापडलं." शेजारची बारकूबाई घागर खाली ठेवून हसायला लागली. "सपान विचारतात गो. चूळ भरायच्या आधी सांगायचं. मागनं सांगितलेलं चालत नाय."

चूळ भरली की माणूस जागा होतो आणि जागा झालेला माणूस स्वप्नाला इस्त्री करतो, असं बाबांचं मत होतं. त्यांना चुरगळलेलंच लागायचं.

आटगावच्या कारखान्यात आमच्या यांना काम लागलं म्हणून आम्ही वाशीमकडून शहापूरला आलो. मोबाईल अजून लोकांच्या हातात आले नव्हते. बाबांच्या पाच खोल्यांच्या चाळीतली शेवटची खोली आम्हाला मिळाली. बाबा ख्रिस्ती. मूळचे नगरकडचे, पण मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून तीस वर्षं इकडे काढलेली, त्यामुळे बोलणं अर्धं इथलं झालेलं. नोकरी संपली तरी सवय गेली नव्हती. स्वप्नाचा अर्थ ते औषधाच्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवावी तसा सांगायचे. "पाणी गढूळ होतं ना? मनात राग हाय. प्रार्थना दोन वेळा, जेवणानंतर. हिंदू असशील तर तुझ्या देवाची कर, पण दोन वेळा कर."

भविष्य मात्र ते सांगायचे नाहीत. ते पाप. देव माणसाशी झोपेत बोलतो, कारण जागेपणी माणूस मधे मधे बोलतो, एवढंच त्यांचं म्हणणं.

अडचण अशी होती की त्यांच्या शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, खुणा सगळ्या दूरदेशच्या. मेंढरं, द्राक्षवेल, गहू, समुद्र, उंट. शहापूर तालुक्यात माणसाच्या स्वप्नात द्राक्षवेल येणार कुठून? मग बाबांनी शंभर पानी वहीत एक यादीच केली होती. द्राक्षवेलीच्या जागी काकडीचा वेल. गव्हाच्या जागी भात. समुद्राच्या जागी भातसा धरण. उंटावर त्यांना महिनाभर तोडगा सापडत नव्हता. शेवटी उंटाच्या जागी त्यांनी एसटी धरली. लांबचं ओझं वाहतं आणि मनात आलं की बसून राहतं, म्हणून.

सापावरून बारकूबाईशी त्यांचं वाजायचं. त्यांच्या शास्त्रात साप म्हणजे जगातल्या पहिल्या बाईशी गोड बोलून तिला फसवणारा सैतान. बारकूबाई ऐकायची नाही. म्हणायची, "त्याला सैतान नका बोलू बाबा, आमच्या शेताचा राखणदार हाय तो." बाबा विचारात पडले. मग त्यांनी विचारलं, "बोलला का काय तुझ्याशी?"

"साप काय बोलंल?"

"मग सोड. बोलणारा साप तेवढा आमचा. मुका तुझा."

सगळ्यात मोठा घोळ शेळ्यांचा. त्यांच्या शास्त्राप्रमाणे शेवटच्या दिवशी मेंढरं उजव्या हाताला उभी राहतात, शेळ्या डाव्या हाताला. उजवीकडचे देवाघरी. डावीकडच्यांचं काही खरं नाही. आणि आमच्या आसपास ज्याच्या त्याच्या दारात शेळ्या बांधलेल्या, त्यामुळे स्वप्नातही शेळ्याच. अख्खी आळी डावीकडे जायला निघालेली. तेव्हा बाबांनी वहीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'या तालुक्यात शेळी मेंढरात धरायची.' महिन्यातून एकदा कल्याणहून त्यांच्या चर्चचे पाळक यायचे. त्यांनी ती ओळ वाचून कपाळाला हात लावला होता म्हणे. बाबा त्यांना म्हणाले, की देवाला मेंढरंच पाहिजे होती तर त्यानं इथं मेंढपाळ धाडायचा होता.

मी हसायचे. हसता हसता एक दिवस बारकूबाईनं मला त्यांच्या मुलीचं सांगितलं, आणि मग मला तसं हसता आलं नाही.

एस्तेर त्यांची एकुलती एक. आई लहानपणीच गेलेली. ती मुरबाडकडच्या एका गावात बालवाडीत शिकवायला होती. आम्ही यायच्या चार वर्षं आधी, उन्हाळ्यात, ती तिथल्या विहिरीत सापडली. बावीस वर्षांची होती. चपला काठावर काढलेल्या होत्या. पण तिकडे बायका विहिरीवर वाकताना चपला काढतातच. पाय घसरला की तिनंच, ते कुणालाच सांगता आलं नाही. बाबांच्या लेखी त्यात जमीन-अस्मानाचा फरक होता. घसरली असेल तर उजवीकडे. नाहीतर डावीकडे. लहानपणापासून त्यांना तेच शिकवलेलं.

आणि त्या दिवसापासून त्यांना स्वतःला एकही स्वप्न पडलं नव्हतं. "डोळे मिटतो ते उजाडताना उघडतो. मधे नुसती काळी पाटी," असं ते म्हणायचे. "माझी लाइन कटलीय. तुमच्यापैकी कुणाच्या तरी लायनीवर येईल." म्हणून ते नळावर उभे राहायचे. कुणाच्या स्वप्नात तरुण पोरगी आली की त्यांचा आवाज बदलायचा. कोणत्या हाताला उभी होती, उजव्या की डाव्या, हे तीन-तीनदा विचारायचे. बहुतेक वेळा ती पोरगी सांगणाऱ्याची मेहुणी निघायची.

पाळक म्हणायचे, शांतवन, बंद कर हे, देवावर सोड. बाबांचं उत्तर ठरलेलं. "सोडलंच तर हाय. त्यानं उचललं का, तेवढंच विचारतोय."

आमचे हे त्यांची चेष्टा करायचे. एकदा यांनी सांगितलं, की स्वप्नात मी झोपलेलो दिसलो. झालं. झोपेत झोप म्हणजे काय, यावर बाबा दोन दिवस जेवले नाहीत नीट. तिसऱ्या दिवशी येऊन यांना म्हणाले, "तू दमलायस रे. रजा टाक." हे खरोखरच दमलेले होते.

माझं म्हणाल तर मी सहावीत शाळा सोडलेली. आज हे चार कागद लिहिते आहे ते बाबांमुळे. त्यांना मोतीबिंदू झाला तेव्हा शास्त्र वाचून दाखवायला त्यांनी मला बसवलं. मी अडखळायचे, ते पुढचा शब्द पाठ असूनही थांबायचे. एकदा माझे सगळे दात पडल्याचं स्वप्न मला पडलं. आमच्याकडे त्याचा अर्थ घरात मरण. मी रडतच नळावर गेले, आई गेली म्हणून. बाबा म्हणाले, दात लेकरांचेसुद्धा पडतात, नवे येतात. मला ते पटलं नाही हे त्यांच्या लक्षात आलं. चप्पल घालून ते मला थेट बाजारातल्या एसटीडी बूथवर घेऊन गेले. आमच्या गावातल्या दुकानात फोन लावला आणि आईला बोलवून आणेपर्यंत काचेबाहेर उन्हात उभे राहिले. आई बोलली. तिला कळेचना मी का रडते आहे. हे मी विसरणार नाही.

त्यानंतर मला टायफॉइड झाला. एकवीस दिवस. यांची कारखान्यात पाळी असायची. बाबा वेळेवर गोळ्या द्यायचे आणि पेज भरवायचे. ताप उतरला त्या आठवड्यात एस्तेर मला दिसली. तिला मी कधी पाहिलेलं नव्हतं, पण बाबांच्या भिंतीवरचा फोटो रोज पाहायचे. तीच होती.

नऊ दिवस मी नळावर "काही नाही दिसलं" म्हणत राहिले. माझी झोप उडाली. शेवटी यांना सांगितलं. यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चांगलं सांगून टाक ना वं. पांढरे कपडे होते म्हण. उजव्या हाताला उभी होती, हसत होती. म्हातारा सुखानं मरंल."

मी ते पाठ केलं. भाकरी थापताना पुटपुटून पाहिलं. यात पाप असेल तर ते मला लागू दे, असंही ठरवलं, आणि दुपारी त्यांच्या ओट्यावर गेले. बाबा सुपात तांदूळ निवडत बसले होते. दिसत कमी होतं म्हणून बोटांनी खडे चाचपत होते.

"बाबा, एस्तेर दिसली."

त्यांची बोटं थांबली. माझ्याकडे तोंड करून नुसते बसले, आणि पाठ केलेलं सगळं माझ्या डोक्यातून गेलं. दिसलं तेच मी सांगितलं. एका घराच्या पायरीवर ती बसली होती, पाठमोरी. सगळी भिजलेली. दार बंद होतं. मी दोनदा हाक मारली, तिनं मागं पाहिलं नाही. उजवं नव्हतं, डावं नव्हतं. दुसरं कुणीच नव्हतं.

मी वाट पाहत होते. आता ते वही काढतील, बंद दाराचं काहीतरी करतील, पायरीचं काहीतरी करतील. वही त्यांच्या मांडीजवळच होती. त्यांनी हात लावला नाही.

त्यांनी विचारलं, "केस मोकळे होते?"

"वेणी होती बाबा. ओली."

"कापत होती?"

"नाही."

"नीट बघितलंस? थंडीनं कापत नव्हती?"

"नीट बघितलं."

त्यांनी मान हलवली. सूप बाजूला सारलं. एरवी अर्थ सांगणारा तो आवाज नव्हता. दवाखान्याच्या खिडकीतून औषध देताना असेल तसा होता, हळू आणि नेमका.

"परत दिसली तर मला विचारायला थांबू नको, पोरी. मागनं जायचं आणि टॉवेलनं तिचं डोकं पुसायचं. ओल्या डोक्यानं बसली की दुसऱ्या दिवशी ताप येतो तिला."

मी हो म्हटलं. स्वप्नात आपला हात आपल्या सांगण्यानं हलत नाही, हे मला माहीत होतं. त्यांना तर माझ्याहून जास्त माहीत होतं.