सुगम संगीत सोहळ्यातले गाढव

सन १९८४ मध्ये नाशिकच्या सुगम संगीत गौरव समितीने वर्षाचा सर्वोत्कृष्ट गायक निवडला. निवड अत्यंत निःपक्षपातीपणे झाली. अध्यक्ष चिमाजीशेठ यांचे सख्खे मेहुणे खंडेराव स्पर्धेत होते, म्हणून मतदानाच्या वेळी शेठ स्वतः खोलीबाहेर जाऊन उभे राहिले. दार तेवढे उघडे होते.

पुरस्कार वाटताना प्रेक्षक मधूनच उठून जातात, असा समितीचा जुना अनुभव होता. त्यांना धरून ठेवायला मल्हारी पगारेला बोलावण्यात आले. मल्हारी शेठच्याच अंबडच्या कारखान्यात टेम्पररी होता. जयंतीला, गणपतीत, हळदीच्या मांडवात तो नकला करी आणि सिन्नरपासून वणीपर्यंतची माणसे पोट धरून लोळत. मोठ्या नाट्यगृहात मात्र तो पहिल्यांदाच उभा राहणार होता. शेठ खूश झाले तर पर्मनंट होण्याची आशा होती. म्हणून बायकोने, सुलाबाईने, त्याच्या सदऱ्याला इतकी कडक इस्त्री केली की त्याला हात वर करता येईना.

कार्यक्रमाआधी शेठनी त्याला बाजूला घेतले.

"पुढाऱ्यांवर विनोद नको. पहिल्या रांगेत बसलेत."

"बरं, शेठ."

"डॉक्टर, मास्तर, पोलीस, व्यापारी, सगळे आलेत. नवरा-बायकोवर नको, महिला मंडळ आहे."

"मंग इष्टीच्या कंडक्टरवर?"

"त्यांची युनियन आहे."

"मंग हसवू कशावर, शेठ?"

शेठनी गांभीर्याने विचार केला. "जनावरांवर कर. त्यांच्यातलं कुणी आलेलं नाही."

खंडेरावांना शाल आणि चांदीचा तंबोरा मिळाला. प्रथेप्रमाणे त्यांनी एक भावगीत म्हटले. अंतऱ्याला त्यांचा आवाज वर गेला तो खाली उतरायला तयार होईना. अखेर गाणे संपले. पहिल्या रांगेने टाळ्या वाजवल्या.

मल्हारी यातले काहीच ऐकू शकला नव्हता. भीतीमुळे तो मागच्या अंगणात नळाखाली डोके धरून बसला होता. नाव पुकारल्यावर तो धावत रंगमंचावर आला, नमस्कार केला, इस्त्री मोडून तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि गाढवासारखा ओरडला.

नाट्यगृह हशाने फुटले. माणसे खुर्चीवरून घसरली. महिला मंडळाच्या अध्यक्षा पदराने डोळे पुसू लागल्या. एवढे हसू मल्हारीने जन्मात ऐकले नव्हते. हरखून जाऊन त्याने पुन्हा, लांब तान घेऊन ओरडून दाखवले.

"ती शाल बी यालाच द्या!" बाल्कनीतून कुणीतरी ओरडले.

शेठ लालबुंद होऊन उभे राहिले. लोक कुणाला हसताहेत, ते मल्हारीला कळले. त्याने माइक घट्ट धरला.

"खंडेरावसाहेब, आईशपथ, ही नक्कल तुमची नव्हती! गाढवाचीच होती!"

हशा दुप्पट झाला.

"तुमचा अन् गाढवाचा काही संबंध नाय! तुमचा आवाज लई वर जातो म्हणत्यात, गाढवाचा येवढा वर जात बी नाय!"

पडदा पाडण्यात आला. पडद्यामागे समितीची तातडीची बैठक झाली. प्रेक्षक विजेत्याला हसले असतील तर निवड चुकली. निवड चुकू शकत नव्हती. सबब, प्रेक्षक हसलेच नव्हते. मग त्यांनी केले काय, एवढाच प्रश्न उरला. तो गायनाचा क्लास चालवणाऱ्या वत्सलाबाईंनी सोडवला.

"शास्त्रात षड्ज मोराचा, पंचम कोकिळेचा, निषाद हत्तीचा सांगितलाय," त्या म्हणाल्या. "गाढवाचं राहून गेलं असेल."

पडदा उघडला. लुप्त झालेला स्वर मल्हारी पगारे यांनी मूळ रूपात सादर केला असून खंडेरावांनी तोच सुगम संगीतात आणला आहे, असे जाहीर झाले. मल्हारीलाही शाल मिळाली. त्याला फर्माईश झाली. तो घाबरत ओरडला. पहिल्या रांगेने डोळे मिटून माना डोलावल्या. मागच्यांनी ते पाहिले आणि आपापल्या माना हलवून घेतल्या.

मल्हारी पर्मनंट झाला. खंडेरावांनी पंचवटीत त्या स्वराचा क्लास काढला. धोब्यांची गाढवे सकाळी दाराशी येऊन उभी राहू लागली. समितीने त्यांच्या रसिकतेची नोंद घेतली.

मल्हारीला मात्र कुणी हसेना. दिवाळीत सिन्नरच्या कार्यक्रमात त्याने कंडक्टर केला, कुकरची शिट्टी केली, जीव मुठीत धरून खुद्द शेठ केले. माणसे मांडीवर ताल धरून बसली होती. एकट्या सुलाबाईला खुदकन हसू फुटले.

"बाई, शास्त्रीय चाललंय," शेजारचे गृहस्थ कुजबुजले.

"अवो, पण गंमत हाय ना ही!"

"ते आम्हाला कळत नाही का? पोटात उकळ्या फुटतायत. पण पहिली रांग अजून हसलेली नाही."

सुलाबाईने मान उंच करून पाहिले. पहिली रांग मघापासून मागे वळून वळून बघत होती. मागचे हसले, की तिलाही हसायचे होते.

वाचकहो, त्या दिवशी तुम्ही कोणत्या रांगेत होता, हे मी विचारत नाही. पण एकही खुर्ची रिकामी नव्हती.