छान म्हणायला बंदी

आमच्या नेरूळच्या सोसायटीत जगदाळेसाहेबांच्या घरी बियर फुकट मिळायची, पण ती पिऊन ‘छान’ म्हणायला बंदी होती.

“छान म्हंजे काय?” ते गुरकावायचे. “छान तर दुसऱ्याच्या पोराचं गाणंबी असतंय. कशी हाय ते सांगा.”

साहेब मूळचे साताऱ्याकडचे, कळंबोलीत एका ट्रान्सपोर्ट कंपनीचे मॅनेजर. त्या काळी राज्य बदललं की बियर बदलायची. साहेबांनी आपल्या ड्रायव्हरांना बजावून ठेवलं होतं, येताना तिथली एक बाटली आणायची. त्यामुळे पंजाब, सिक्कीम, पाँडिचेरी अशी राष्ट्रीय एकात्मता त्यांच्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी, गुण्यागोविंदाने नांदत होती.

रविवारी दुपारी आम्ही तिघे जमायचो. टेलिफोन खात्यातले सावंत, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे आगाशे सर आणि बँकेतला मी. चौघांत मिळून एक बाटली. आमच्या वाट्याला येणारी बियर मुंगीलासुद्धा चढली नसती. तरी घरी जाताना आम्ही बडीशेप चघळत जायचो. पापाला माप नसतं.

साहेबांची शिस्त कडक. खारे दाणे शेवटपर्यंत झाकलेले. “आधी नाक, मग घोट, मग तोंड उघडा,” एवढं म्हणून ते आमच्या चेहऱ्यांकडे तोंडी परीक्षा घेतल्यासारखे बघत राहायचे. आम्हा तिघांचं सांगून झालं की मग स्वतः घोट घ्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, “बरोबर.”

त्या एका ‘बरोबर’साठी आम्ही काय काय केलं! सुरुवातीला सावंतांकडे ‘कडू’ हा एकच शब्द होता. वर्षभरात ते “ही पंजाबची नव्या चपलेसारखी आहे, आधी चावते, मग पायात बसते,” असं बोलायला लागले. आगाशे सरांना प्रत्येक बियरमध्ये युरोप सापडायचा. स्वतः इगतपुरीच्या पुढे गेले नव्हते. मी तर एकदा बँकेत चहा पिऊन, “मागून जरा कोरडा आहे,” असं म्हणालो आणि शिपायाने पाणी आणून दिलं.

मग एका मे महिन्यात आसामची बाटली आली.

ट्रकच्या केबिनमध्ये उन्हात तापत, सगळा देश ओलांडून आलेली. साहेबांनी बूच उडवलं आणि भिजलेल्या गोणपाटाचा वास खोलीभर पसरला. मी आगाशे सरांकडे पाहिलं. सर ग्लासाकडे पाहत होते. साहेब मात्र प्रसन्न होते. म्हणजे चूक आमच्या नाकांची असणार.

“धीट चव,” सर घोट गिळत म्हणाले. “जरा बेल्जियमकडची.”

“पिकल्या चिकूची झाक,” सावंत म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“मागून मध,” मी म्हणालो.

साहेबांनी चांगला मोठा घोट घेतला, डोळे मिटले. “बरोबर! मध!”

तेवढ्यात भज्यांची ताटली घेऊन वहिनी बाहेर आल्या आणि दारातच थबकल्या. “अहो, मोरीत उंदीर मेलाय का काय?” मग त्यांनी बाटली उचलून नाकाशी नेली. “अगं बाई! ही तर सडलीय की!”

साहेबांनी ग्लास नाकाशी धरला. खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग ग्लास खाली ठेवला.

“तुमा तिघांना कळलं हुतं?”

आम्ही पंख्याकडे पाहत राहिलो.

“मग मध कुठनं आला, पाटकर?”

“मला वाटलं, तुम्हाला आवडलीय,” मी म्हणालो.

“मला?” ते हसले, पण हसू अर्ध्यातच राहिलं. “मला वास येत न्हाय ओ. चवबी न्हाय. मागं ती मोठी सर्दी झाली हुती. सर्दी गेली, नाक काय माघारी आलं न्हाय. तुमी सांगता, तेच मी पितो. तुमीच खोटं बोलला तर मी काय प्यायचं?”

वहिनींच्या हातातली ताटली तशीच होती.

“मग माझी आमटी?” त्यांनी हळूच विचारलं. “रोज सांगता की, आज झकास झालीय, आज मीठ जास्त पडलंय. ते कसं?”

“बिघडली की तू माझ्याकडं न बघता वाढतीस,” साहेब म्हणाले.

आगाशे सर उठून चपला शोधायला लागले. “बसा,” वहिनी म्हणाल्या. आत जाऊन त्यांनी फ्रिजमधली दुसरी बाटली आणली, सावंतांकडून उघडून घेतली आणि आमटीच्या वाटीत थोडी ओतली. रविवारच्या या उद्योगाला आजवर नाकं मुरडणाऱ्या वहिनींनी पदराने कपाळ टिपलं आणि घोट घेतला. सगळा चेहरा आक्रसला.

“कडू हाय.”

साहेब पुढे सरकून बसले होते. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि दुसरा घोट घेतला. तो थोडा वेळ तोंडात धरला.

“नुसती कडू न्हाय. करपल्या भाकरीच्या पापुद्र्यावानी लागती. आन् शेवटाला... आमच्या गुऱ्हाळात काहिलीच्या कडंला काकवी चिकटून जळायची बघा, ती.”

“मी तुला बघाया आलो हुतो, तवा तू खरवडून दिली हुतीस, ती?”

“तीच.”

“मग कळली,” साहेब म्हणाले, आणि त्यांनी आपला ग्लास पुढे केला.