वर येण्याचा खर्च वेगळा

सांगलीच्या जलतल विद्या प्रबोधिनीचा उच्च पाणबुडे अभ्यासक्रम संपूर्ण मोफत होता. जाहिरातीत तसं ठळक अक्षरांत छापलं होतं, आणि छापलेलं खोटं नसतं अशी मलकापूरजवळच्या कासेवाडीतल्या सयाजीची अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यापर्यंत पक्की समजूत होती.

तसा सयाजी पाण्यातला मासा. पाठीला पांगाऱ्याच्या तरंगत्या लाकडाचा बिंडा बांधून तो विहिरीत पोहायला शिकला आणि पुढं गावाच्या घागरी, बादल्या, एकदा तर सरपंचांची कवळीही त्यानं तळातून वर आणली. पण धरणावर पाणबुड्याची जागा निघाली तेव्हा उच्च प्रमाणपत्राची अट पडली. सरकारी पाण्यात साध्या माणसानं बुडालेलं चालतं, बुडी मारलेली चालत नाही.

आणि नोकरी तर हवीच होती, कारण तिच्यावर लग्न अडलं होतं. शिरवळकडच्या कोंडीबांची अंजना त्याला दाखवली, तेव्हा पोह्यांची बशी घेताना सयाजी तिच्याकडं असा काही बघत राहिला की निम्मे पोहे सतरंजीवर गेले. अंजना खुदकन हसली आणि सयाजी कामातून गेला. बैठकीत कोंडीबांनी एकच विचारलं, "पोरगा नोकरीला हाय न्हवं?" सयाजीचे वडील नानासो छाती ठोकून म्हणाले, "हाय म्हंजी? सरकारी हाय!" त्यामुळं लग्नाच्या आत नोकरी लागणं आणि नोकरीच्या आत प्रमाणपत्र मिळणं सयाजीच्या कर्मी आलं.

त्याच बैठकीत नानासोंनी मिशीवरून हात फिरवून जाहीर केलं, "आमचं काय मागणं न्हाई. नारळ आन् पोरगी द्या. बाकी तुमच्या लेकीची हौस तुमची तुमी."

कोंडीबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग साखरपुड्याला जावयाच्या मनगटावर घड्याळ आलं, कारण पाणबुड्याला वेळ कळाया नको? घड्याळामागनं रेडिओ ठरला, रेडिओ ठेवायला कपाट, आणि कपाट आलं म्हटल्यावर घर उघडं दिसतं म्हणून पलंग. शेवटी, पोरगा कामावर काय चालत जाणार का, म्हणून फटफटी. दर वेळी निरोप नानासोंचा असायचा आणि सयाजी आढ्याकडं बघत असायचा. रीतच ती, आपण काय बोलणार! घड्याळ मात्र झकास होतं. पाण्यातही चालायचं.

प्रबोधिनीचे संचालक नाथाजीराव हे धुतल्या तांदळासारखे गृहस्थ होते. त्यांनी सयाजीला बसवलं, पाणी दिलं.

"आमचं काही मागणं नाही," ते म्हणाले. "संस्था पैशाला शिवत नाही. बाकी तुमच्या शिक्षणाची हौस तुमची तुम्ही."

हे वाक्य आपण कुठंतरी ऐकलंय असं सयाजीला वाटलं. पण कुठं ते आठवेना, आणि चहा आला. चहा अभ्यासक्रमात नव्हता. पुढच्या खेपेला त्याबद्दल एक गुळाची ढेप आणायचं ठरलं.

"आता कानांचा दाखला आणा मिरजेहून. खोल पाण्यात कान फार महत्त्वाचे."

मिरजेत वीस दवाखाने. पण कान म्हटलं की सयाजीला एकच माणूस ठाऊक होता, भजनी मंडळाच्या तंबोऱ्याला तारा बसवणारे कुतुबुद्दीनचाचा. त्यांनी त्याला समोर बसवून एक तार छेडली, दुसरी छेडली, जरा उतरवून पुन्हा छेडली. सयाजीनं तिन्ही वेळा बरोबर सांगितलं. चाचांनी कागदावर लिहून दिलं की या इसमाचे दोन्ही कान सुरात आहेत. वर घेतलं काही नाही.

नाथाजीरावांनी दाखला उन्हाकडं धरून पाहिला. "ह्याला खर्च किती आला?"

"कायबी न्हाई. चाचानं फुकाट दिला."

"मग ग्राह्य नाही," ते दुःखानं म्हणाले. "दाखल्यावर काहीतरी खर्च झालेला असावा लागतो. त्याशिवाय त्याला वजन येत नाही."

दाखल्याला वजन यावं म्हणून सयाजीनं हळदीचं पोतं आणलं. त्यानंतर आसरांचं निघालं. विहीर म्हटली की तळाला साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात देवी, असणार आणि त्यांची ओटी भरल्याशिवाय कुणी बुडी मारत नाही, हे सयाजीलाही मान्य होतं. त्यानं खण-नारळ बरोबर आणलाच होता.

"एक खण?" संचालकांच्या पत्नी बनुबाई आतून म्हणाल्या. "आसरा सात हायेत बाळा. आन् हितली विहीर उच्च अभ्यासक्रमाची हाय. हितल्या आसरास्नी साध्या खणाची सवय न्हाई."

सात इरकली लुगडी आली. पैकी एकही ओलं झालं नाही. आसरांच्या वतीनं बनुबाईंनीच ती घडी करून ट्रंकेत ठेवली.

सयाजीनं परत फिरायला हवं होतं, असं आता कुणीही म्हणेल. पण गुळाची ढेप गेली, हळद गेली, लुगडी गेली, आता फिरायचं म्हणजे गेलं ते सगळं पाण्यात. शिवाय खरं सांगायचं तर डोळे मिटले की ते खुदकन हसणं ऐकू यायचं. तो थांबला.

मग सामान आलं. रबरी पोशाख मोफत होता. बदकासारख्या रबरी पायांतला डावा अभ्यासक्रमात धरलेला होता, उजवा ऐच्छिक.

"एकाच पायानं मी आत गोल गोल फिरीन की वो!"

"फिरा. संस्थेचं बंधन नाही."

उजव्या पायाला एक शेळी गेली. पाठीवरचं हवेचं नळकांडं मोफत होतं, आतली हवा नव्हती.

"हवा तर देवाची हाय," सयाजी काकुळतीला आला.

"बाहेरची देवाची. कोंडलेली संस्थेची."

विहीर संस्थेच्या मालकीची होती. पाणी सार्वजनिक होतं, भिजणं खाजगी होतं. खोलीचंही तसंच. कमरेपर्यंत प्राथमिक, गळ्यापर्यंत माध्यमिक, आणि उच्च म्हणजे तळ. नानासोंच्या गोठ्यातून एकेक जनावर सांगलीची वाट धरू लागलं. नानासो बोटं मोडत होते, "चोर हायेत भडवे! आदी म्हणायचं काय नगं, आन् मग असं सोलायचं?" एवढं बोलून त्यांनी कोंडीबांना निरोप धाडला, की फटफटी आली पण पावसाचं काय, तवा तिला पत्र्याची शेड पायजे.

अखेर परीक्षेचा दिवस उजाडला. शिक्षक अर्जुना पाटी-पेन्सिल कमरेला बांधून पुढं उतरला, मागोमाग सयाजी. खाली गार हिरवा उजेड होता आणि सगळा खर्च विसरून सयाजीचं मन एकदम हलकं झालं. पोरपणी बिंडा सुटला त्या दिवशी झालं होतं तसंच! तो तळाला टेकला. अर्जुनानं नियमाप्रमाणं पाटीवर लिहिलं, "शाबास." ते पुसून त्यानं पुढं लिहिलं, "खाली येणे समाविष्ट. वर येणे वेगळे."

सयाजीनं वर पाहिलं. विहिरीचं तोंड भाकरीएवढं दिसत होतं. अर्जुनानं वर जायची दोरी सावकाश आपल्या मुठीत गुंडाळली, नळकांड्याच्या चावीवर बोट ठेवलं आणि सयाजीच्या मनगटाकडं अतिशय आदरानं पाहिलं.

सयाजी वर आला तेव्हा हातात प्रमाणपत्र होतं आणि मनगट मोकळं होतं.

घरी जायच्या आधी तो तडक शिरवळला गेला. घड्याळ गेल्याचं सासऱ्याला सांगायला हवं होतं. कोंडीबा ओसरीवर एकटेच बसले होते. पत्र्याच्या शेडचा निरोप नुकताच पोचला होता. सयाजीनं सगळी कहाणी सांगितली आणि सांगता सांगता त्याला रडूच फुटलं.

"मामा, लय हरामी मानसं वो! तोंडानं म्हणायचं, आमचं काय मागणं न्हाई. आन् मानूस तळाला गेला, माघारी फिरायची सोय ऱ्हायली न्हाई, की मग मागायचं!"

दाराआड अंजनाच्या बांगड्या वाजल्या.

"व्हय जावयबापू," कोंडीबा म्हणाले. "तळाला गेला की मगच मागत्यात."

लग्न कोंडीबांच्या दारात झालं. नोकरी लागली होती, मांडव भरला होता, नानासोंच्या सन्माननीय पाहुण्यांत नाथाजीरावही फेटा बांधून होते. मांडवाबाहेरच्या ट्रकात पलंग, कपाट, रेडिओ, फटफटी आणि वर पत्रे, सगळं दोरखंडानं करकचून बांधलेलं. मंगलाष्टकं संपली. भटजी म्हणाले, "अंतरपाट काढा." अंतरपाट हलला नाही.

"धरणं लग्नात धरलंय," कोंडीबा हात जोडून नम्रपणे म्हणाले. "काढणं वेगळं हाय."

"म्हंजी?" नानासो गरजले. "काय पायजे काय तुमाला?"

"आमचं काय मागणं न्हाई. तेवढा भायेरचा ट्रक रिकामा करा. बाकी तुमच्या पोराची हौस तुमची तुमी."

नानासो तोंडाला येईल ते बोलले. वऱ्हाड माघारी नेतो म्हणाले, पण वऱ्हाडाच्या नाकात जिलबीचा वास शिरला होता, कुणी उठेना. भटजींनी वेळ काढायला मंगलाष्टकं पुन्हा सुरू केली. इतक्यात अंतरपाटाच्या पलीकडून, फक्त सयाजीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, प्रश्न आला.

"आवं, वर यायचं हाय न्हवं?"

आणि पाठोपाठ ते खुदकन हसणं. सयाजीचे दोन्ही कान सुरात होते. जन्मात पहिल्यांदा त्यानं आढ्यावरची नजर खाली आणली.

"आबा," तो नानासोंना म्हणाला, "सोडा दोरखंड. गुदमराया लागलंय."

मांडवात हशा पिकला. पलंग उतरला, फटफटी उतरली, पोरंसोरं शिट्ट्या घालू लागली. नाथाजीरावांनी जबाबदार माणसाप्रमाणं मनगट वर करून सांगितलं, "चला, आटपा, मुहूर्त टळतोय." कोंडीबांनी ते घड्याळ लांबूनच ओळखलं आणि ते एकटक त्या मनगटाकडं बघत राहिले. नाथाजीरावांनी घाईनं बाही खाली ओढली.

त्यांच्या शेजारच्या गृहस्थांनी ओढली. त्यांच्या पलीकडच्यांनी ओढली. बघता बघता मांडवातल्या झाडून सगळ्या लग्न झालेल्या पुरुषांनी, भर उन्हाळ्यात, सदऱ्याच्या बाह्या पार बोटांपर्यंत ओढून घेतल्या. तेवढ्यात अंतरपाट निघाला, अक्षता पडल्या आणि वाजंत्री सुरू झाली.

तुम्हीही मघापासून हसताय. हसा, हसणं मोफत आहे. फक्त किती वाजले तेवढं जरा सांगता का?