आठ टीव्ही, एक टाकी

नळाला पाणी नव्हतं आणि टीव्हीवर टाकी काठोकाठ भरलेली होती.

अनंतराव टीव्हीसमोर उभे राहून दोन्ही गोष्टींचा मेळ घालू पाहत होते. मोरीतून कालिंदीबाई म्हणाल्या, "नळ नुसता फुसफुसतोय."

"कसं शक्य आहे? हे बघ ना, चिंधी वर आहे."

चिंधी ही अनंतरावांची स्वतःची योजना होती. मुकुंदवाडी स्टेशनच्या बाजूला त्यांची ही आठ बिऱ्हाडांची इमारत उभी राहिली, पाठोपाठ शेजारी आणखी दहा-बारा उठल्या. माणसं वाढली, पाणी तेवढंच राहिलं. त्यात दुष्काळाचं हे दुसरं वर्ष. नळाला पाचव्या दिवशी पाणी यायचं, तेही गच्चीवरची टाकी एकदा भरेल इतकंच. टाकीत किती उरलं ते बघायला जो तो वर जायचा, आणि जो जायचा तो बादली घेऊन जायचा.

पाटबंधारे खात्यात तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेले अनंतराव इमारतीचे अध्यक्ष होते. त्यांनी टाकीत थर्माकोलचा ठोकळा तरंगत सोडला, त्याला उभी काठी बांधली आणि काठीच्या टोकाला लाल चिंधी. पाणी चढलं की चिंधी झाकणाच्या भोकातून वर येणार, उतरलं की आत जाणार. चिंधीसमोर कॅमेरा लावला. कॅमेऱ्याचा रेकॉर्डर स्वतःच्या टीव्हीखाली ठेवला आणि त्यातून निघणारं एकच चित्र स्प्लिटर बसवून, आठ वायरींनी, आठही घरांच्या टीव्हीवर पोचवलं. मालिका बघता बघता एक बटण दाबलं की टाकी समोर. मग गच्चीला कुलूप लागलं. किल्ली आणि रेकॉर्डरचा रिमोट अध्यक्षांकडे राहिला.

दारात दुसऱ्या मजल्यावरचे तात्यासाहेब येऊन उभे राहिले. माणूस मूळचा कन्नड तालुक्यातला, शेतीवाडीवाला, आवाज बांधावरून हाक मारल्यासारखा. आज मात्र तो आवाज खाली आला होता.

"अध्यक्ष, पाणी कुठं गेलं? खाली आचारी हात बांधून बसलाय. चाळीस पानं हायेत."

त्यांच्या सुनेचं, राजनंदिनीचं, डोहाळजेवण होतं.

"पण तुम्ही तर हॉल घेतला होता ना?" अनंतरावांनी विचारलं.

"घेतला व्हता. काल सांजच्याला टीव्हीत टाकी फुल दिसली. म्हणलं, एवढं पाणी हाय तर घरचं कार्य घरीच करू. हॉलवाल्याला नाय म्हणून सांगितलं."

टीव्हीवर विसंबलेले ते एकटेच नव्हते. पहिल्या मजल्यावरच्या वच्छलाबाईंनी चार गोधड्या धुतल्या होत्या. तळमजल्यावर पडदे भिजले, समोरच्या घरात फरशी दोनदा पुसली गेली, आणि अनंतरावांच्या शेजारच्या कारभाऱ्यांनी तर महिन्यानंतर डोक्यावरून आंघोळ केली, तीही गाणं म्हणत. प्रत्येकानं आधी बटण दाबून खात्री करून घेतली होती.

प्लंबर बद्रीनाथ आला. त्यानं पार्किंगमधला सांधा खोलून पाइप तोंडाला लावला, जोर लावून फुंकला, आणि गंज थुंकत म्हणाला, "हवा धरली असंल. टाकी बघू द्या एकदा."

"टाकी बघायला वर कशाला जायचं?" अनंतराव म्हणाले. "इथंच बघ."

त्यांनी त्याला घरात नेऊन टीव्हीसमोर उभं केलं. बद्रीनाथनं भरलेली टाकी डोळे भरून पाहिली. "मंग पाइपच चोक हाय," असं म्हणून त्यानं खाली जाऊन पाइप दोन ठिकाणी कापला. आतून पाण्याऐवजी एक झुरळ बाहेर आलं आणि माणसांची गर्दी पाहून परत आत गेलं.

अकरा वाजले. पाहुणे यायला लागले. हिरवी साडी नेसलेली राजनंदिनी पायरीवर बसून वारा घेत होती. तात्यासाहेबांच्या पत्नी साळूबाई वर आल्या आणि कालिंदीबाईंशेजारी टीव्हीसमोर टेकल्या.

"कालिंदीताई, ह्ये पारवं आजारी हाय का हो?"

"कुठलं पारवं?"

"ह्ये काय, झाकणावर बसलंय. काल मी पोळ्या लाटताना बघितलं तवा हितंच व्हतं. सांजच्याला हितंच. आजबी हितंच. मानसुदिक हालवीना."

कालिंदीबाईंनी चष्मा वर केला. अनंतराव हळूच पुढे सरकले. पारव्याचा एक पंख अर्धवट उघडा होता. बसताना पंख मिटतात, तसा. तो मिटायचा राहिलाच होता.

अनंतरावांचा हात आपोआप खिशातल्या रिमोटवर गेला. काल सकाळी त्यांना पार्किंगमध्ये ओल दिसली होती. तात्यासाहेबांचा ड्रायव्हर टाकीच्या पाण्यानं जीप धुतो, असा त्यांना दाट संशय होता. म्हणून टाकी भरल्यापासून चिंधी कधी किती उतरली ते बघायला त्यांनी मंगळवारचं, पाणी आलेल्या दिवसाचं, रेकॉर्डिंग मागे नेऊन लावलं. पारवा झाकणावर उतरत होता, तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी चित्र थांबवलं, फोन घेतला, आणि पुढे विसरले. तेव्हापासून आठ घरं मंगळवारची दुपार बघत होती.

त्यांनी किल्ली घेतली आणि गच्ची गाठली. झाकण उचललं. तळाशी ठोकळा आडवा पडला होता, शेजारी काठी, आणि चिंधी वाळून कडक झाली होती. तीस वर्षांच्या नोकरीत धरणं आटल्याचे कागद त्यांनी शेकड्यांनी पुढे सरकवले होते. हे पहिलंच त्यांच्या हातून आटलं होतं.

उतरताना प्रत्येक मजल्यावर त्यांना एक नवी सबब सुचली. यंत्र बिघडलं. वीज गेली होती. पण खाली आले आणि घामाघूम झालेली राजनंदिनी त्यांना बघून उभी राहिली, तेव्हा त्यांनी सगळ्या सबबी सोडून दिल्या.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "टाकी कोरडी आहे. टीव्हीवर परवाचं चित्र होतं. मीच मागे नेलं होतं."

"मागं कशाला नेलं?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"तुमची जीप... टाकीच्या पाण्यानं धुतात की काय, ते बघायला."

तात्यासाहेब रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आवाजही चढवला नाही.

"अनंतराव, जीप महिना झाला गावाकडं हाय. टँकर ओढायला."

"मग ही ओल?"

तात्यासाहेबांनी मान वर केली. सगळ्यांनी केली. तिसऱ्या मजल्यावर अनंतरावांच्या खिडकीतला कूलर हळूहळू ठिबकत होता.

पाठोपाठ खाली आलेल्या साळूबाईंनी पदर खोचला. "आता बोलून वरण शिजायचं नाय. नंदे, आतल्या खोलीतले दोन ड्रम काढायला लाव."

"कसले ड्रम?" तात्यासाहेब चमकून म्हणाले.

"भरून ठिवलेत. तुमाला काय करायचंय?"

कोणीही दोन घागरींपेक्षा जास्त पाणी साठवू नये, असा ठराव इमारतीत एकमतानं झाला होता. वच्छलाबाई खाली बघत म्हणाल्या, "माझ्याकडं बी थोडं हाय." ते थोडं आणायला दोन माणसं लागली. मग कारभाऱ्यांच्या पलंगाखालून घागरी निघाल्या, कुणाच्या कपाटातून कॅन, कुणाच्या देवघरामागून पिंप. अनंतराव थक्क होऊन बघत होते. टाकी कोरडी होती आणि इमारत भरलेली होती.

ते तरातरा घरी आले. "बघितलंस? एकूण एक घर. निदान आपल्या घरी तरी..."

कालिंदीबाईंनी त्यांच्या दिवाणावरची गादी उचलली आणि फळी बाजूला केली. आत सहा कॅन ओळीनं उभे होते.

"कधीपासून?" अनंतरावांनी विचारलं.

"ठराव झाला त्या दिवसापासून. तुम्ही तो लिहून काढत होतात, मी भरत होते. उचला आता."

दोन्ही हातांत कॅन घेऊन अनंतराव जिना उतरले. कुणी मान वर करू नये अशी त्यांची फार इच्छा होती. चूल पेटलेली होती, पण पातेलं अजून खालीच होतं. त्यांना बघून तात्यासाहेब पुढे झाले आणि त्यांच्या हातातला एक कॅन घेतला.

"आलं का तुमचंबी? मी आचाऱ्याला म्हणलंच व्हतं, दम धर, आजून एक घर ऱ्हायलंय."