झुरळ वजा जाता

मोरीत डबा उपडा घालून अपेक्षाने चिचुंद्री पकडली आणि ती आनंदाने ओरडलीच. ही नेहमीची गलेलठ्ठ, वासाची नव्हे. अगदी छोट्या जातीची, अंगठ्याएवढी. शहरातले लहान प्राणी मोजणाऱ्या तुकडीत एक जागा होती आणि अर्जात स्वतः मोजलेल्या अशाच एका छोट्या चिचुंद्रीचं वजन आणि लांबी हवी होती. मुदत आज दुपारी दोनची. पदवी घेऊन दोन वर्षं भोईवाड्यातल्या खोलीत बसलेल्या मुलीला ही जागा म्हणजे काय, ते तिचं तिलाच ठाऊक.

स्वयंपाकघरातल्या काट्याने शून्य दाखवलं.

"मेली काय गं?" आजीने, रमाबाईंनी विचारलं.

"नाही गं, हलकी आहे. पण तासा-दोन तासांत खायला नाही मिळालं तर मरेल."

"मग सोनाराकडे चल."

गुणाजी सोनाराने डब्यात डोकावून दोन्ही हात काट्यावर आडवे धरले. "मावशी, अजून भवानी झाली नाय. दिवसाचं पहिलं वजन चिचुंद्रीचं? धंद्याची वाट लागेल."

झालं, बसल्या दोघी. एक वाजला तरी गिऱ्हाईक नाही. शेवटी शेजारच्या कौसल्याकाकी लेकीसाठी कुड्या बघायला आल्या आणि डब्यात बघून थबकल्या.

"गुणाजी, खुळो की काय तू? चिचुंदरी म्हणजे लक्ष्मी. माज्या चेडवाच्या कुड्यो आत्ताच्या आत्ता काढ."

भवानी झाली. चिचुंद्री काट्याच्या काचपेटीत गेली आणि इतकी नाचली की आकडा एकदा दीड ग्रॅम सांगे, एकदा अडीच.

"खाताना गप बसेल," अपेक्षा म्हणाली. "एखादं झुरळ हवं."

"माझ्या दुकानात झुरळ नाय," गुणाजी ताठ होऊन म्हणाला.

रमाबाईंनी टेबलामागे हात घातला आणि एक काढलं. मग ज्या काट्यावर आजवर सोनंच जोखलं गेलं, त्यावर गुणाजीने चेहरा पाडून झुरळ जोखलं: शून्य पूर्णांक तीनशे ऐंशी. चिचुंद्री ते खात बसली. एकूण दोन पूर्णांक दोनशे साठ. झुरळ वजा जाता एक पूर्णांक आठशे ऐंशी ग्रॅम.

अपेक्षा पट्टी काढते तोवर पोट भरलेली चिचुंद्री काचपेटीच्या उघड्या दारातून उडी मारून तिजोरीखाली पसार झाली.

"काका, जरा तिजोरी सरकवा ना."

"हात लावायचा नाय. दुकानात आलेली लक्ष्मी कोण बाहेर काढतं?"

दोनला दहा कमी. "टाक की पाच सेंटीमीटर," रमाबाई कुजबुजल्या. "पुस्तकात असेलच."

पुस्तकात होतंच. अपेक्षाला रडू येत होतं. पण न मोजलेलं फोनवर लिहायला तिचा अंगठा धजेना. लांबीचा रकाना कोरा ठेवून, झुरळाचा हिशेब जोडून तिने अर्ज पाठवला आणि घरी जाऊन उशीत तोंड खुपसलं.

संध्याकाळी तुकडीच्या बाईंचा फोन आला. "लांबी का नाही लिहिलीत?"

"मोजायच्या आधीच पळाली, मॅडम."

"बाकी एकतीस जणांनी वजन दोन ग्रॅम लिहिलंय आणि लांबी पाच सेंटीमीटर. सगळ्यांचा आकडा एकच, पुस्तकातला." बाई हसत होत्या. "मोजलेली चिचुंद्री एकच दिसतेय, तुमची. सोमवारी रुजू व्हा."