गोळी क्रमांक त्रेचाळीस

घुशीला मी घाबरत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्या रविवारी सकाळी मी अंगणातल्या बाकावर उडी मारून उभा राहिलो, तो केवळ घूस नीट दिसावी म्हणून. (आमची ही विचारते, मग ओरडलात कशाला? तो इशारा होता.) घूस भिंतीखालच्या बिळातून आरामात बाहेर आली, टाचणीच्या ताटलीत उरलेलं सगळं खाऊन तिने ताटली चाटूनपुसून लख्ख केली आणि आली तशी निघून गेली. टाचणी शेजारी बसून शेपटी हलवत होती. पाहुणीला अजून वाढू का, एवढंच विचारायचं तिने बाकी ठेवलं होतं.

टाचणी म्हणजे आमची कुत्री. आणली तेव्हा माझ्या मुठीत मावायची, म्हणून हे नाव. आता ती बाकावर बसली की मला बसायला जागा उरत नाही, पण नाव बदलायचं कुणाच्या मनात येत नाही.

एवढ्यात भिंतीपलीकडून शेजाऱ्यांचं डोकं वर आलं. हे गृहस्थ तीस वर्षं ड्रायव्हिंगच्या परीक्षा घेऊन निवृत्त झालेत. गल्लीत त्यांना सगळे परीक्षकच म्हणतात. जगाकडे ते अजूनही नापास करायच्या नजरेनेच बघतात.

"घूस होती?" त्यांनी विचारलं.

"हो. पण गेली."

"घूस गेली, आता साप येईल. घूस असली की साप येतोच. आणि तुम्ही कुत्री मोकळी सोडता. बघा बुवा!"

एवढं बोलून डोकं खाली गेलं. मी टाचणीकडे बघितलं. टाचणी स्वभावाने इतकी भाबडी, की साप आला तर ती त्यालाही खेळायला चेंडू आणून देईल.

आता माझ्या नोकरीबद्दल दोन शब्द. मी एका कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये बावीस वर्षं आहे. माझ्या ताब्यात हजारो फायली आहेत, आणि त्यांतल्या एकीलाही आजवर कसर लागलेली नाही, वाळवी नाही, उंदीर नाही. (फायली वाचायलाही कुणी येत नाही, पण तो मुद्दा वेगळा.) याचं कारण डांबराच्या गोळ्या. प्रत्येक कपाटात, प्रत्येक फळीवर डांबराच्या गोळ्या! त्या पांढऱ्याशुभ्र गोळ्यांनी फायली जपल्या, तर टाचणीला का जपणार नाहीत?

"अहो, ती फाईल नाहीये," ही शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली. ही घरीच पडदे शिवून देते आणि माझं बोलणं मशीन चालू ठेवूनच ऐकते.

"तत्त्व तेच आहे."

"त्यापेक्षा गवत कापा, ते बीळ बुजवा आणि कुत्रीची ताटली जेवण झाल्यावर आत आणा. झालं."

"तेही बघू," मी म्हणालो. (आमच्या कार्यालयात 'बघू' म्हटलं की ते काम कुणीच बघत नाही.)

बाजारातून मी बहात्तर गोळ्यांचा डबा आणला आणि अर्थातच एक रजिस्टर आणलं. खिडकीजवळ, हिच्या मशीनच्या फळीवर, ते मांडलं. रकाने आखले: गोळी क्रमांक, जागा, वेळ, सही. आमच्या कार्यालयाचा नियम आहे, आधी नोंद, मग काम. काम राहिलं तर उद्या करता येतं. नोंद राहिली तर चौकशी होते. म्हणून मी आधी नोंद करायचो, मग डब्यातून गोळी घ्यायचो, अंगणात जाऊन ठेवायचो, परत यायचो, पुढची नोंद. अशा बहात्तर खेपा. घूस मधूनमधून बिळातून तोंड काढून बघत होती. माझी पद्धत तिला पसंत असावी.

अंगणाला रेकॉर्ड रूमचा सुगंध आला. मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

दुपारी हिने गोचिडांच्या औषधासाठी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि बोलता बोलता माझ्या कामगिरीचाही उल्लेख केला. पलीकडून एवढा मोठा आवाज आला, की हिने फोन कानापासून हातभर लांब धरला.

"काय म्हणाल्या?" मी उत्सुकतेने विचारलं.

"तुम्ही शुद्धीवर आहात का, म्हणून विचारलं त्यांनी. ते विष आहे हो कुत्र्याला! एक गोळी खाल्ली तरी जीवावर बेतू शकतं. आधी उचला सगळ्या!"

मी रजिस्टर घेऊन अंगणात धावलो. प्रत्येक गोळी उचलायची, नोंदीवर खूण करायची. बागेच्या पाइपाखालची सतरा नंबर, पेरूच्या बुंध्याची अठ्ठावीस. सगळ्या उचलून झाल्यावर डबा मोजला. एकाहत्तर. पुन्हा मोजला. एकाहत्तरच. रजिस्टर पाहिलं. गोळी क्रमांक त्रेचाळीस, जागा: टाचणीच्या घरामागे. वेळ: दहा वाजून चौदा मिनिटं. खाली माझी सही, ठळक आणि वळणदार.

टाचणीच्या घरामागे गोळी नव्हती. टाचणी होती. ती मला बघून जिभल्या चाटत होती.

"खाल्ली!" मी किंचाळलो. (हा इशारा नव्हता. ही खरोखरची किंकाळी होती.)

परीक्षकांचं डोकं वर आलं. त्यांनी विनातक्रार गाडी काढली, हे त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण त्यांनी ती ज्या वेगाने चालवली, तोही विसरणार नाही. आधी तिन्ही आरसे तपासले. प्रत्येक वळणाला हात बाहेर काढला. रिकाम्या चौकात थांबून डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे बघितलं. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आमच्या पुढे निघून गेले.

"अहो, जरा दामटा ना!"

"पट्टा लावलात का?"

मी मागच्या सीटवर टाचणीला मांडीवर घेऊन बसलो होतो. एकीकडे पट्टा, एकीकडे रजिस्टर, मध्ये ती. तिने माझ्या दंडावर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले. खरं सांगतो, मला रडू आलं. मी रोज घरी आलो, की मी घरी आलो याचा या जगात एकट्या तिलाच इतका आनंद होतो. आणि मी तिच्या भोवती, मोजून, सही करून, विष मांडलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी तिला टेबलावर घेतलं. हिरड्या बघितल्या, पोट दाबलं, तोंडाचा वास घेतला.

"कधी खाल्ली?"

"दहा चौदानंतर केव्हाही," मी रजिस्टर उघडून दाखवलं.

"उलटी? थरथर? सुस्ती?"

"हो," मी म्हणालो. मला तिन्ही होत होतं.

"मी कुत्रीबद्दल विचारतेय."

"तिला नाही. पण नोंद आहे ना, डॉक्टर!"

"तोंडाला वास येत नाहीये. तरी धोका नको. उलटीचं इंजेक्शन देऊ," असं म्हणून त्यांनी सुई भरायला घेतली. टाचणीने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. ही होती. अंगण शोधायला ती घरीच थांबली होती.

"थांबा, सुई टोचू देऊ नका! तुमची त्रेचाळीस नंबर सापडली. माझ्या मशीनवर, पडद्याखाली."

"शक्य नाही. ती टाचणीच्या घरामागे ठेवली आहे."

"अहो, माझ्या हातात आहे ती!"

"दुसरी कुठली तरी असेल. इथे नोंद आहे, सही आहे."

"दहा चौदाला मी तुम्हाला पडद्याचं टोक धरायला बोलावलं. तुम्ही हातातली गोळी मशीनवर ठेवलीत, पडदा धरलात, आणि परत जाऊन चव्वेचाळीसची नोंद केलीत. आठवतंय?"

आठवत होतं. परत आल्यावर मी रजिस्टर पाहिलं होतं. त्रेचाळीसची नोंद झालेली होती. म्हणजे काम झालेलं होतं. यात माझं काय चुकलं, ते मला अजूनही कुणी समजावून सांगितलेलं नाही.

"पण समजा," मी चिकाटीने म्हणालो, "रजिस्टर बरोबर असेल तर?"

"तर रजिस्टरला इंजेक्शन द्या!" असं म्हणून तिने फोन ठेवला.

तिचा आवाज खोलीभर ऐकू गेला होता. डॉक्टरीणबाईंनी सुई खाली ठेवली आणि तोंडावर रुमाल धरून त्या खिडकीकडे गेल्या. त्यांचे खांदे बराच वेळ हलत होते. मी टाचणीला एवढं घट्ट धरलं, की ती गुरगुरली.

मग त्यांनी उपाय सांगितले. गवत कापा, बीळ बुजवा, उरलेलं खाणं बाहेर ठेवू नका. (हे मी आधी कुठे ऐकलंय, ते मी त्यांना सांगितलं नाही.) गोचिडांसाठी मानेवर टाकायचं औषध दिलं, टाचणीचं कार्ड भरलं आणि माझ्या हातात ठेवलं.

कुठलाही कागद वाचल्याशिवाय मी खिशात घालत नाही. गाडीत बसून, पट्टा लावून, मी तो वाचला. रुग्ण: टाचणी. प्रकृती: उत्तम. त्याखाली लिहिलं होतं: सोबतचे गृहस्थ घामाघूम, हातपाय थरथरतात, समजावलेले डोक्यात शिरत नाही. पाणी पाजून बसवून ठेवले. शेवटच्या ओळीत पुढील तपासणीची तारीख होती, आठ दिवसांनंतरची, आणि तिच्यापुढे कंसात: कुत्रीला आणण्याची गरज नाही.